एक प्रत की अनेक? छोट्या यंत्रांतल्या शेअर्ड लायब्ररींचा आढावा

संगमनेर, राहाता किंवा पारनेर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला रांग लागलेली असते. दूध काट्यावर जाते, उत्पादकाचा कोड दाबला जातो, नमुना अ‍ॅनालायझरमध्ये जातो, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ उमटते, त्यावरून दर लागतो आणि छापील स्लिप हातात पडते. एका माणसामागे जेमतेम मिनिट.

या मिनिटात डब्याएवढ्या यंत्रात बरेच काही घडते. समजा, त्यात एआरएम प्रोसेसरचा बोर्ड आणि त्यावर छोटेखानी लिनक्स आहे. काट्याचे वजन वाचणारा एक प्रोग्रॅम, अ‍ॅनालायझरशी बोलणारा दुसरा, स्लिप छापणारा तिसरा आणि दिवसाच्या नोंदी दूध संघाच्या सर्व्हरकडे पाठवणारा चौथा. चौघांनाही काही कामे सारखीच लागतात: आकडे अक्षरांत मांडणे, फाइल उघडणे, वेळ विचारणे, मेमरी मागणे. असा कोड एकदाच लिहून त्याची लायब्ररी करावी, याबद्दल कुणाचे दुमत नाही. दुमत पुढे सुरू होते. ती लायब्ररी यंत्रात एकाच जागी ठेवून चौघांनी वापरायची, की प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात तिची वेगळी प्रत घालायची? पहिली रीत शेअर्ड किंवा डायनॅमिक लिंकिंगची, दुसरी स्टॅटिक लिंकिंगची.

साडेतीन दशकांपूर्वी हा प्रश्न किलोबाइटचा होता. आज तो बव्हंशी दुरुस्तीचा झाला आहे. पाच वर्षांनी लायब्ररीत भोक सापडले तर ते कोण बुजवणार, आणि किती यंत्रांवर? अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्याच्या डोंगरांपासून जामखेडपर्यंत विखुरलेल्या केंद्रांवर माणूस पाठवून पेन ड्राइव्हने सॉफ्टवेअर बदलायचे म्हटले, तर खर्चाचा हिशेब मेमरीच्या चिपवर कमी आणि गाडीच्या डिझेलवर जास्त ठरतो. साखर कारखान्याचा वजनकाटा, ठिबकचा कंट्रोलर, रेशन दुकानातले ई-पॉस, सगळ्यांना हेच लागू पडते.

यंत्र सुरू होताना

प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल आधी डायनॅमिक लोडरला पुढे करतो. लोडर प्रोग्रॅमसोबत आलेली यादी वाचतो: मला अमुक अमुक लायब्ररी हव्यात. यादीत फाइलचे पूर्ण नाव नसते, ‘लिबसी.एसओ.६’ अशा धाटणीचे नाव असते, त्याला सो-नेम म्हणतात. शेवटचा आकडा म्हणजे करार. आतल्या चुका काढल्या, वेग वाढवला, तरी बाहेरून हाक मारायची पद्धत तीच असेल तर आकडा तोच राहतो. पद्धत मोडली की आकडा वाढतो, आणि जुनी व नवी लायब्ररी शेजारी शेजारी नांदू शकतात. म्हणूनच डिस्कवर एकाच लायब्ररीची तीन नावे दिसतात: पूर्ण आवृत्तीचे, सो-नेमचे आणि आकडाच नसलेले. हे तिसरे नाव फक्त बिल्डच्या वेळी लिंकरला लागते. ते ग्राहकाच्या यंत्रात पोहोचलेले दिसले, तर कुणीतरी डेव्हलपमेंट पॅकेज इमेजमध्ये कोंबले असे बहुधा समजावे.

लायब्ररी मेमरीत कुठेही बसली तरी चालावी म्हणून तिचा कोड पत्त्यांवर अवलंबून नसलेला असा बिल्ड करतात, आणि खरे पत्ते एका तक्त्यात ठेवतात. कोडची पाने सगळ्या प्रोग्रॅमांत सामाईक राहतात. तक्ते आणि बदलता डेटा मात्र ज्याचा त्याचा. ‘शेअर्ड केले की मेमरी वाचते’ हे विधान इथे अडखळते. दहा लायब्ररी जोडणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रॅमला प्रत्येक लायब्ररीमागे काही पाने पदरची घालावी लागतात. आणखी एक मेख आहे. फंक्शनचा पत्ता पहिल्यांदा हाक मारली की मगच शोधायचा, अशी आळशी रीत अनेक ठिकाणी रूढ आहे. दूध मोजणाऱ्या यंत्रात त्याने काही बिघडत नाही. मोटार वेळेवर थांबवायची असेल तर पहिल्या हाकेला लागणारा हा जादा वेळ नडतो, म्हणून रिअल-टाइम कामात सगळे पत्ते सुरुवातीलाच लावून घेण्याची सक्ती करतात.

पत्त्यांची मारामारी

शेअर्ड लायब्ररीची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकातल्या मल्टिक्समध्ये चालत्या प्रोग्रॅमला कोड जोडण्याची सोय होती. युनिक्सच्या जगात ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, सनओएसमधून रुळली. लिनक्सच्या सुरुवातीच्या ए-आउट पद्धतीत प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतला ठरावीक पत्ता नेमून द्यावा लागे. दोन लायब्ररींनी एकच जागा धरू नये म्हणून पत्त्यांची मध्यवर्ती नोंद ठेवावी लागे. लायब्ररी फुगून शेजारच्या हद्दीत शिरली की तंटा. १९९५ च्या सुमारास ईएलएफ पद्धत आली आणि ही कटकट संपली.

छोट्या यंत्रांत ती बराच काळ टिकली. विंडोज सीईमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ३२ प्रोसेस, आणि प्रत्येकीला ३२ एमबीची खोली. एका प्रोसेसने डीएलएल उघडली की त्या पत्त्याची जागा सगळ्यांच्याच खोलीत अडकून पडे. चार-दोन मोठ्या डीएलएल आल्या की मेमरी शिल्लक असूनही पत्ते संपत. २००६ च्या ६.० आवृत्तीने दर प्रोसेसला २ जीबीचा पत्तापट देऊन हा प्रश्न मिटवला.

सिम्बियनचा मार्ग अधिक विलक्षण होता. २००३ मध्ये आलेला आणि भारतात भरपूर खपलेला नोकिया ६६०० हा याच प्रणालीवर चाले. इथे लायब्ररीतल्या फंक्शनला नावाने हाक मारतच नसत, क्रमांकाने मारत. नावे साठवायला लागणारी जागा वाचे. त्या बदल्यात क्रमांकांची यादी एकदा ‘फ्रीझ’ केली की मधले फंक्शन काढायचे नाही आणि क्रम हलवायचा नाही. नवे असेल ते शेवटी. नवव्या आवृत्तीपासून आणखी एक नियम आला: प्रोसेसला जितके अधिकार, किमान तितक्या विश्वासाची लायब्ररीच तिला उघडता येईल. लायब्ररी कोणाच्या विश्वासावर चालते, हा आज ऐरणीवर असलेला प्रश्न त्या बटणांच्या फोनमध्ये नियम होऊन बसला होता.

मेमरी मॅनेजमेंट युनिट नसलेल्या स्वस्त चिपवर चालणाऱ्या यूसीलिनक्सची तऱ्हा तर फारच अडचणीची. त्याच्या फ्लॅट पद्धतीत एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त तीन शेअर्ड लायब्ररी, त्याही हाताने दिलेल्या क्रमांकांवर. वापरणारे जवळपास उरले नाहीत, असे पाहून लिनक्स कर्नलने २०२२ मध्ये ही सोय काढून टाकली.

सी लायब्ररींची भाऊबंदकी

शेअर्ड लायब्ररींत सगळ्यांत मोठा वाटा सी लायब्ररीचा, त्यामुळे भांडणेही तिथेच जास्त. ग्नूची जीलिबसी सर्वांत संपन्न आणि सर्वांत जड. तिचे दीर्घकाळचे प्रमुख उलरिख ड्रेपर हे शेअर्ड लायब्ररींचे खंदे पुरस्कर्ते. त्या कशा लिहाव्यात यावरचा त्यांचा प्रबंध आजही या विषयाचा पाठ्यग्रंथ मानला जातो. मात्र एम्बेडेडवाल्यांच्या गरजांना ते फारसे दाद देत नाहीत, अशी तक्रार होती. त्यातून ईजीलिबसी ही फांदी फुटली. डेबियनने २००९ मध्ये ती स्वीकारली, आणि जीलिबसीचा कारभार बदलल्यावर २०१४ मध्ये डेबियन मूळ घरी परतले.

एरिक अँडरसन यांच्या यूसीलिबसीने छोट्या यंत्रांसाठी वेगळा संसार थाटला. बिल्डरूट ही इमेज बांधण्याची लोकप्रिय यंत्रणा याच मंडळींच्या चाचणीच्या सोयीतून जन्मली. २०११ मध्ये रिच फेलकर यांची मसल आली. राउटरांसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटीने २०१५ मध्ये यूसीलिबसी सोडून मसल धरली. फेलकर यांनीच मांडलेल्या एका तुलनेत मसलची शेअर्ड लायब्ररी ५२७ किलोबाइटची आणि जीलिबसीचा संच ७.९ मेगाबाइटचा. सर्वांत छोटा स्टॅटिक प्रोग्रॅम मसलमध्ये १.८ किलोबाइटचा, जीलिबसीत ६६२. लेखक स्वतःच्या मालाची तुलना करतो आहे आणि आवृत्त्या जुन्या आहेत, हे ध्यानात घेऊनही अंतर डोळ्यात भरते. मसलमध्ये डायनॅमिक लोडर आणि सी लायब्ररी ही एकच फाइल आहे. त्यामुळे दोघांच्या आवृत्त्या जुळत नाहीत हा जुना आजार तिथे होतच नाही.

दोन्हीकडचे म्हणणे

स्टॅटिकवाल्यांचा मुद्दा सरळ आहे. प्रोग्रॅम एकच फाइल. ज्या लायब्ररीवर तपासला तीच त्याच्या पोटात. शेतातल्या कंट्रोलरवर ‘लायब्ररी सापडली नाही’ असा संदेश वाचायला कुणीही बसलेले नसते. शिवाय लिंकर न वापरलेली फंक्शने छाटून टाकतो, तर शेअर्ड लायब्ररी कोण काय वापरेल हे ठाऊक नसल्याने अख्खी ठेवावी लागते. प्लॅन ९ या संशोधन प्रणालीने शेअर्ड लायब्ररी ठेवल्याच नाहीत. त्याच परंपरेतल्या रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांच्या हातून घडलेली गो भाषाही मुळात स्टॅटिकच. एका इमेजमध्ये एकच प्रोग्रॅम असेल तर शेअर्ड लायब्ररी करण्यात अर्थ नाही, हे विरोधकही मान्य करतात. फ्रीआरटीओएससारख्या प्रणालीत कर्नल, लायब्ररी आणि प्रोग्रॅम मिळून एकच इमेज होते. तिथे वादाला जागाच नाही.

शेअर्डवाले म्हणतात, प्रोग्रॅम चाराचे चाळीस झाले की हिशेब फिरतो. जागा वाचते हे आहेच, पण मोठा फायदा एका ठिकाणी दुरुस्त करण्याचा. जीलिबसी स्टॅटिक जोडली तरी नाव शोधण्यासारख्या कामांना चालत्या वेळी त्याच आवृत्तीची शेअर्ड फाइल लागतेच, म्हणजे स्टॅटिकचा मुख्य फायदाच हातचा जातो. ड्रेपर यांचा स्टॅटिक लिंकिंगला विरोध असण्यामागे अशी कारणेही होती.

तिसरी वाट बिझीबॉक्सची. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात शेकडो कमांड एकाच एक्झिक्युटेबलमध्ये असतात. ज्या नावाने बोलावले त्या नावाचे काम ते करते. कोड सामाईक, लायब्ररी वेगळी नाही. छोट्या यंत्रांच्या जगात ही युक्ती दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांपेक्षा जास्त चालली, असे म्हणायला हरकत नाही.

भोक पडते तेव्हा

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला. जिथे ती शेअर्ड होती तिथे एक पॅकेज बदलून आणि सेवा पुन्हा सुरू करून काम भागले. जिथे प्रोग्रॅमांच्या पोटात होती तिथे प्रत्येक प्रोग्रॅम शोधून पुन्हा बिल्ड करावा लागला. शेअर्ड पक्षाला याहून चांगले उदाहरण मिळाले ते जून २०२० मध्ये. जेएसओएफ या कंपनीने ट्रेकच्या टीसीपी/आयपी लायब्ररीतले १९ दोष जाहीर केले, ‘रिपल२०’ या नावाने. ही लायब्ररी दोन दशके पुरवठ्याच्या साखळीतून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये मुरत गेली होती. प्रिंटर, वैद्यकीय पंप, कारखान्यांतले कंट्रोलर अशी कोट्यवधी उपकरणे त्यात येतात, असा अंदाज संशोधकांनी मांडला. अनेक उत्पादकांना आपल्या मालात ती आहे हेच आधी शोधावे लागले.

नाण्याची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कुणीतरी मागचे दार बसवले होते. लक्ष्य होते रिमोट लॉगिनचा एसएसएच सर्व्हर. त्याला मुळात या लायब्ररीची गरज नाही. काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्यामागून ही आली. सामाईक विहिरीत काही पडले की ते घरोघरच्या माठात उतरते, तसा हा प्रकार. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतोय असे जाणवले, त्याने खोदून पाहिले आणि कट उघडा पडला.

मांडणीचे शास्त्र

लायब्ररी शेअर्ड ठेवायच्या ठरल्या तरी त्या कशा लावायच्या, हा स्वतंत्र विषय आहे. बिल्डरूटमध्ये ‘फक्त शेअर्ड’, ‘फक्त स्टॅटिक’ आणि ‘दोन्ही’ असे तीन पर्याय थेट मेनूत मिळतात. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालेला योक्टो जास्त खोलात जातो. तो प्रत्येक पॅकेजमधल्या सो-नेमांची नोंद ठेवतो आणि कोणत्या प्रोग्रॅमला कोणते पॅकेज लागेल हे स्वतःच ठरवतो. काट्याचा प्रोग्रॅम इमेजमध्ये टाकला की त्याला लागणारी सीरियल पोर्टची लायब्ररी आपोआप मागून येते. तिची हेडर फाइल आणि बिनआकड्याचे नाव मात्र येत नाही.

या बाबतीत सर्वांत मोठा प्रयोग गूगलने अँड्रॉइडवर केला. २०१७ च्या अँड्रॉइड ८.० मध्ये प्रोजेक्ट ट्रेबलने प्रणालीचे दोन भाग पाडले, एक गूगलचा आणि दुसरा चिप व फोन बनवणाऱ्यांचा. दोघांनी वापरायच्या ठरावीक लायब्ररींचा संच व्हीएनडीके या नावाने मधल्या पट्ट्यात ठेवला. जुन्या फोनचा विक्रेत्याकडचा भाग तसाच राहून वरचा अँड्रॉइड बदलता यावा, हा हेतू. त्यासाठी या संचाच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवाव्या लागल्या. पुढे अँड्रॉइड १५ मध्ये व्हीएनडीके मोडीत निघाला: विक्रेत्याने आपल्याला लागणाऱ्या लायब्ररींची प्रत आपल्याच विभागात ठेवावी. गूगलएवढी ताकद असलेल्या संस्थेलाही सामाईक पट्टा सांभाळण्यापेक्षा दोन प्रती ठेवणे परवडले, ही गोष्ट या वादात पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

कायद्याची बाजू

काही निवड तंत्राने होतच नाही, परवान्याने होते. एलजीपीएल परवान्याची लायब्ररी बंद सोर्सच्या प्रोग्रॅमला जोडता येते, पण ग्राहकाला त्या लायब्ररीची सुधारित प्रत बसवता आली पाहिजे. शेअर्ड लायब्ररीने ही अट सहज पुरी होते. स्टॅटिक जोडली तर कंपनीला आपल्या प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फाइली तरी द्याव्या लागतात. क्यूटी वापरून टचस्क्रीनची उपकरणे बनवणाऱ्यांना हा हिशेब रोज करावा लागतो. जीलिबसीही एलजीपीएलखाली आहे. मसल मात्र एमआयटी परवान्याची, आणि अँड्रॉइडची बायोनिक बव्हंशी बीएसडीची, म्हणून तिथे हा अडसर नाही.

वाहनांचा वेगळा मार्ग

नगर शहराचा वाहनांशी संबंध जुना. काइनेटिकची लूना इथली, आणि डीआरडीओची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई इथलीच. आजच्या मोटारीत डझनांनी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतात. ऑटोसारच्या क्लासिक रीतीत ब्रेक किंवा इंजिनाच्या युनिटमधले सगळे सॉफ्टवेअर आधीच ठरवून एकाच इमेजमध्ये स्टॅटिक बांधतात. चालू गाडीत नवे काही लोड होणे म्हणजे तपासलेल्या गोष्टीत न तपासलेले मिसळणे, असा तिथला आक्षेप. २०१७ पासूनच्या अ‍ॅडॅप्टिव्ह रीतीत पॉसिक्सवर आधारलेली प्रणाली, वेगवेगळ्या प्रोसेस आणि नंतर बदलता येणारे प्रोग्रॅम आले. कॅमेरे आणि नकाशांच्या कामाला ते लागतातच. एकाच गाडीत दोन्ही मते शेजारी बसतात. कोणत्या युनिटमध्ये कोणते सॉफ्टवेअर आहे आणि ते कधी बदलले याची नोंद संयुक्त राष्ट्रांचा आर-१५६ नियम मागतो. लिंकिंग कोणते असावे याबद्दल तो काही म्हणत नाही.

जे अजून ठरलेले नाही

शेअर्ड पक्षाचा ‘एकाच ठिकाणी दुरुस्ती’ हा हुकमी मुद्दा एम्बेडेडमध्ये हळूहळू झिजतो आहे. रॉक, मेंडर किंवा एसडब्ल्यूअपडेटसारख्या साधनांत सहसा पूर्ण इमेज बदलली जाते: फ्लॅशचे दोन भाग, एकावर यंत्र चालू, दुसऱ्यावर नवी इमेज, नीट सुरू झाली नाही तर आपोआप जुन्यावर परत. अख्खी इमेजच बदलायची तर लायब्ररी शेअर्ड होती की नव्हती याने काय फरक पडतो? पडतो, असे दुसरा पक्ष म्हणतो. फक्त बदललेला भाग पाठवणाऱ्या डेल्टा अपडेटमध्ये एक लायब्ररी बदलणे आणि चाळीस प्रोग्रॅम बदलणे यांत डेटाचा मोठा फरक राहतो. घाटातल्या गावात टूजीच्या वेगावर नोंदी पाठवणाऱ्या यंत्राला तो फरक पुरेपूर कळतो.

रस्टने नवा पेच आणला आहे. मेमरीच्या चुका टाळणारी म्हणून ती एम्बेडेडमध्ये पुढे येते आहे, पण सीच्या धाटणीचा अपवाद सोडला तर दोन रस्ट लायब्ररींमध्ये टिकाऊ करार नाही. म्हणून ती स्टॅटिकच बांधली जाते, आणि सो-नेमांवर उभी असलेली नोंदव्यवस्था तिच्यापुढे आंधळी ठरते. उलट छोट्या आरटीओएसच्या बाजूला प्रवाह दुसरीकडे वाहतो आहे: २०२३ च्या झेफर ३.५ मध्ये चालत्या यंत्रात कोड लोड करण्याची सोय आली. स्टॅटिकच्या बालेकिल्ल्यात ही खिडकी किती उघडावी, यावर मतभेद आहेत.

कोणत्या पोटात काय आहे याची यादी, म्हणजे सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स, हा स्टॅटिकच्या दुखण्यावरचा उपाय म्हणून पुढे येतो आहे. भारताच्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून येतील, आणि त्यात उत्पादकाने सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या पुरवायच्या आहेत. सुपा किंवा नगरच्या एमआयडीसीतून युरोपला नेटवर्कशी जोडली जाणारी उपकरणे पाठवणाऱ्यालाही ही यादी ठेवावी लागेल. स्टॅटिक जोडताना छाटून टाकलेल्या कोडची नोंद यादीत करायची की नाही, इतकी प्राथमिक गोष्टही साधनागणिक वेगळी आहे.

आणि मग १९ जानेवारी २०३८. त्या दिवशी ३२-बिट यंत्रांतला जुन्या मापाचा सेकंदांचा आकडा भरून उलटेल. मसलने १.२.० आवृत्तीत, २०२० मध्ये, वेळेचे माप ६४-बिट केले. जीलिबसीने २०२१ मध्ये ती सोय दिली. मात्र प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांची वेळेच्या मापाविषयी समजूत वेगळी असेल तर करार मोडतो, आणि सो-नेमचा आकडा तोच राहिल्याने लोडरला ते कळतही नाही. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट एआरएमच्या शेकडो लायब्ररी पॅकेजांची नावे बदलून हा बदल पार पाडला. एम्बेडेडमध्ये इतका हात मोकळा नसतो. ज्या बोर्डावर विक्रेत्याने सोर्स न देता दिलेली एखादी ३२-बिट लायब्ररी आहे, तिथे बाकीचे सगळे नव्या मापाने बिल्ड केले तरी ती एक लायब्ररी जुनाच आकडा मागत राहते. मध्ये रूपांतराचा थर लिहायचा, विक्रेत्याच्या मागे लागायचे की बोर्डच बदलायचा, यावर काम करणाऱ्यांचे एकमत नाही. आणि आज बसवलेली काही यंत्रे बारा-तेरा वर्षे सहज चालतील.